दंडावरचा वण

माझ्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचे दोन वण आहेत. जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढे, चुरगळल्या कागदासारखे. नातू लहान होता तेव्हा आंघोळीच्या वेळी त्यावर बोट ठेवून विचारायचा, "आबाजी, हे काय लागलं होतं तुमाले?" आता त्याला काय सांगावं? त्यानं देवीचा रोगी पाहिला नाही, त्याच्या बापानंही नाही. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात सापडला आणि १९७७ साली देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे माझ्या दंडावरचे हे वण आता फक्त आठवणीपुरते.

मी सिंदी मेघेचा. पत्ता सांगताना 'मेघे' जरा जोरात म्हणावं लागतं, नाही तर पाहुणा सिंदी रेल्वेला जाऊन उतरतो. आमच्या बापाच्या काळात इथं ज्वारी आणि कपाशी होती. आता वर्धा शहर वाढत वाढत आमच्या धुऱ्यापर्यंत आलं, वावरांचे ले-आउट झाले. वर्ध्याच्या एका अंगाला सेवाग्रामचं रुग्णालय, दुसऱ्या अंगाला सावंगी मेघेचं. एवढे मोठे दोन दवाखाने हाताशी असलेली गावं महाराष्ट्रात फार नसतील. तरीही २०२१ साली आमच्या गावात लशीवरून जे वाद झाले, ते झालेच. त्या वादात मी कुठं उभा होतो, ते लिहून ठेवायचं म्हणून हे लिहायला घेतलं.

सुरुवात मात्र त्या वणापासूनच केली पाहिजे.

साल १९६६-६७ असेल. मी सात-आठ वर्षांचा. टोचणारा माणूस सायकलवर आला की गावातली पोरं पांगायची. त्याच्याजवळ बारीक दात असलेलं एक चक्र असायचं. ते दंडावर दाबून तो गरकन फिरवायचा. नंतर जखम पिकायची, ताप यायचा. मी कापसाच्या खोलीत गंजीत शिरून बसलो. आजी दारात आडवी झाली. म्हणे, "माता कोणाच्या घरी यायचं ते मातेच्या मनावर आहे. तिले टोचून कोण अडवते?"

तिला कोणी कायदा सांगितला नाही. गावचा कोतवाल तिथं उभा होता. त्याला लहानपणी देवी आल्या होत्या, सारं तोंड खड्ड्याखड्ड्यांचं, एक डोळा गेलेला. त्यानं आधी आपल्या पोराला पुढं केलं, सगळ्यांदेखत टोचून घेतलं. मग आजीला म्हणाला, "माह्या तोंडाकडं पाह्य बाई. अन् मग सांग, पोराले लपवू का काढू?" आजी काही बोलली नाही. मुकाट्यानं बाजूला झाली.

दहा वर्षांनी वारं उलटं फिरलं. १९७६ साली मी दहावीत होतो. आणीबाणी चालू होती. नसबंदीची सक्ती करणारं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानं त्याच वर्षी मंजूर केलं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. पण खेड्यात कोण विधेयक आणि कायदा यातला फरक करतो? जीप दिसली की बाप्ये वावरात झोपायला जात. त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पंचेचाळीस वर्षांनी आमच्या गावात "लस घेतली की पोर होत नाही" ही अफवा फिरली तेव्हा शहरातले लोक हसले. मला हसू आलं नाही. ती अफवा खोटीच होती, पण तिचं मूळ कुठल्या मातीत आहे ते मला माहीत होतं.

आता २०२० वर येतो. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून टाळेबंदी. कापसाची खरेदी थांबली, अनेकांचा कापूस घरातच पडून राहिला. नागपुरात मार्चमध्येच रुग्ण निघाले, पण वर्धा जिल्ह्यात दीड महिना उलटला तरी एकही नाही. पारावर आम्ही म्हणायचो, ही सेवाग्रामची पुण्याई. १० मे रोजी आर्वी तालुक्यात पहिली नोंद झाली आणि पुण्याईचा विषय संपला.

मग तपासणीचा वाद सुरू झाला. नाकात काडी घातली की पॉझिटिव्ह निघतेच, पॉझिटिव्ह दाखवलं की दवाखान्याला पैसे मिळतात, असं लोक बोलत. गल्लीला बांबू बांधले जात, त्या घराकडं कोणी पाहत नसे. म्हणून लोक ताप लपवत. शिकलेली माणसंसुद्धा म्हणत, "जास्त तपासतात म्हणून जास्त सापडते. तपासणं बंद करा, रोग बंद."

त्याच वर्षीच्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही. माझंही एक वावर मोडून दुबार पेरावं लागलं. पण दुसऱ्या वावरासाठी मी घरचं बियाणं ठेवलं होतं आणि त्याची उगवण आधी पाहिली होती. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, पाच-सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर बियाणं चांगलं. पारावरच्या त्या वादात मला हे गोणपाट आठवलं. शंभराऐवजी दोनशे दाणे ठेवले तर मेलेले दाणे जास्त दिसतील, खरं आहे. पण बियाणं तेच असेल तर शंभरामागचं प्रमाण तेवढंच राहील. प्रमाणच वाढलं तर समजावं की पोत्यातच काही बिघडलं आहे. कोरोनाचंही तसंच. किती सापडले याच्यापेक्षा शंभर तपासण्यांत किती सापडले हे पाहायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं पाचाच्या आत असावं असं सांगितलं होतं. शंभरात वीस-पंचवीस निघायला लागले की गाव पेटलं आहे, तपासणी कमी पडते आहे. आणि दाणे पोत्याच्या वरूनच घेतले तर चाचणी फसते. तोंड बांधून घरात लपलेला माणूस मोजणीत येत नव्हता, म्हणून आकडा गोड दिसत होता. हे मी पारावर सांगितलं तेव्हा लोकांना पटलं. त्यामुळं माझी मान जरा ताठ झाली. पुढं जे घडलं त्याचं एक कारण ही ताठ मानही आहे.

तिसरा वाद अंदाजांचा. शेतकरी माणूस अंदाजावरच जगतो. पाऊस येणार म्हणून पेरतो, नाही आला तर नशिबाला बोल लावतो. अंदाज चुकला म्हणून मला राग येत नाही. पण चुकला तर कोणी तरी सांगायला पाहिजे की चुकला, आणि काहून चुकला. २०२० च्या ऑक्टोबरात सरकारनं नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीनं सांगितलं की साथीचा कळस होऊन गेला, फेब्रुवारी अखेर ती जवळपास सरेल. फेब्रुवारी आला आणि आमच्या शेजारच्या अमरावतीत रुग्ण एकदम वाढले, २२ तारखेपासून तिथं पुन्हा टाळेबंदी लागली. मग गणिताच्या सूत्रावरून सांगितलं गेलं की दुसरी लाट एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कळसाला जाईल, दिवसाला लाखभर रुग्ण निघतील. एप्रिल संपता संपता देशात दिवसाला चार लाख निघत होते. तो अंदाज चुकला हे मागाहून मान्य केलं गेलं, पण ते आमच्या पारापर्यंत आलं नाही. पुढं म्हणाले तिसरी लाट लेकरांवर येणार. ती जानेवारी २०२२ मध्ये आली, पण लेकरांना वेचून घेऊन गेली असं झालं नाही. मग म्हणाले चौथी लाट २२ जून २०२२ च्या सुमारास सुरू होईल. ती तशी आलीच नाही.

इतक्या वेळा कोल्हा आला म्हटल्यावर लोकांनी कान बंद केले. पण यातला एक चुकीचा अंदाज फार महागात पडला, तो म्हणजे पहिला. 'संपलं' असं सांगणारा. भीती घालणाऱ्या अंदाजानं माणूस उगाच घरात बसतो. निर्धास्त करणाऱ्या अंदाजानं तो लग्नाला जातो, बाजारात जातो, आणि लस हाताशी आलेली असताना "आता काय गरज" म्हणतो.

तसं म्हणणारा मीच होतो.

१६ जानेवारी २०२१ ला दवाखान्यातल्या लोकांना लस सुरू झाली. १ मार्चपासून साठीच्या वरच्यांना. मी एकसष्टीचा, माझा एक दोस्त त्रेसष्टचा. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना आवडणार नाही. आमचे धुरे लागून होते. चाळीस वर्षं एका बंडीत बसलो, एकमेकांचे बैल वापरले. त्याला साखरेचा आजार होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो पारावर आला अन् म्हणाला, "आशाताई येऊन गेली गड्या. उद्या गाडी जाऊन राहिली म्हणे. जाऊ का?"

मी पेपर वाचणारा माणूस. गोणपाटाचं उदाहरण सांगून मोठा झालेला. म्हणालो, "घाई कायची? इतकी लवकर लस बनत असते का कुठं? आधी दुसऱ्याचं काय होते ते पाहू. महिनाभर थांब."

तो थांबला.

मी खोटं सांगितलं असं नाही. शंका खरी होती, अनेकांची होती. पण शंकेचं उत्तर शोधायला मी कुठं गेलो? कुठंच नाही. कोविशिल्डची भारतात सोळाशे लोकांवर जी चाचणी झाली, तिच्यातलं एक ठिकाण आमचं सेवाग्रामच होतं. माझ्या घरून मोटरसायकलनं थोडक्यात पोहोचलो असतो, कोणाला तरी विचारलं असतं. मी पारावरच बसून राहिलो, कारण पारावर माझं ऐकणारे होते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला ताप आला. चार दिवस घरीच काढला. मग श्वास लागला. त्या दिवसांत खाट मिळवण्यासाठी काय धावपळ झाली ती महाराष्ट्राला सांगायला नको. त्याचा पोरगा रेमडेसिव्हिरसाठी नागपूरपर्यंत भटकला, उसनवार करून सहा इंजेक्शनं आणली. हेच औषध पुढं मे महिन्यात वर्ध्यातच बनायला लागलं. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या नोव्हेंबरातच सांगितलं होतं की भरती रुग्णांचा जीव वाचवण्यात त्याचा खात्रीचा उपयोग दिसत नाही. म्हणजे पाहा, जे फुकट दारात आलं होतं ते आम्ही "पाहू" म्हणून परतवलं, आणि ज्याची खात्री नव्हती त्याच्यासाठी सोनं गहाण टाकलं.

तो नवव्या दिवशी गेला. मातीला आम्हाला जाता आलं नाही. लांबून धूर दिसला तेवढाच.

लस घेतली असती तर तो वाचलाच असता असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. एकाच डोसानं पुरतं संरक्षण मिळत नाही, तेही दोन-तीन आठवड्यांनी मिळायला लागते. पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात घेतली असती तर ते आठवडे भरले असते. त्याच्या वाचण्याचं पारडं जड झालं असतं. मी त्याच्या पारड्यातलं वजन काढून घेतलं, एवढं मला कळते.

तेराव्याला वैनी फक्त एवढंच बोलल्या, "भाऊजी, ते तुमचं लय ऐकत होते." रागानं नाही बोलल्या. रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या पावसाळ्यात मला झोप येईना. आमच्या भागात मोठ्या माणसाच्या शब्दाची गोष्ट निघाली की बापूंची आठवण होतेच. ते १९३४ ला वर्ध्यात आले, १९३६ ला शेगावात राहायला गेले, तेच पुढं सेवाग्राम झालं. फार लोकांना माहीत नसते की बापू देवीच्या लशीच्या विरोधात होते. १९१३ सालच्या आरोग्यावरच्या लेखांत त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं होतं. १९३० साली, दांडी यात्रेच्या आधीच्या दिवसांत, साबरमती आश्रमात देवीची साथ आली. काही लेकरं गेली. त्यात आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. आपला मराठी माणूस. त्या लेकरांच्या मरणाचं ओझं बापूंच्या मनावर राहिलं, तरी मत त्यांनी सोडलं नाही.

मी बापूंना बोल लावणारा कोण? पण पंडितजींच्या घरचा विचार मनातून जात नव्हता. ज्याच्यावर श्रद्धा, त्याच्या शब्दावर बापानं लेकराचा दंड कोरा ठेवला. माझं तर काहीच नाही, दहावी शिकलेला शेतकरी. तरी माझ्याही शब्दावर एक दंड कोरा राहिलाच की.

आणि हेही खरं की त्याच बापूंच्या जवळ १९३९ च्या सुमारास सुशीला नायर नावाची तरुण डॉक्टर आली. वर्ध्यात पटकीची साथ लागली तेव्हा तिनं जवळपास एकटीनं ती झेलली. बापूंनी तिला आपली डॉक्टर केलं. पुढं त्या देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या आणि १९६९ साली सेवाग्रामात त्यांनी वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. ज्या गावात लशीवर अविश्वास असलेला महात्मा राहिला, त्याच गावात नव्वद वर्षांच्या आत लशीची चाचणी झाली. मतं अशीच बदलतात, काम करणाऱ्या माणसाकडं पाहून.

मेच्या सुरुवातीला मी पहिला डोस घेतला. त्या वेळी लस मिळेना. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांनाही खुली झाली, मोबाइलवर नंबर लावायचा, शहरातली पोरं खेड्यातल्या केंद्रावर येऊन घेऊन जात आणि गावचे म्हातारे रांगेतून परत. मग १३ मेला कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर बारा ते सोळा आठवडे केलं. पारावर लगेच सुरू, "लस नाही म्हणून अंतर वाढवलं." तशी शंका यायला जागा होती. अंतर वाढवल्यानं लस जास्त लागू पडते असं बाहेरच्या अभ्यासात दिसलं होतं हेही खरं, पण ते आमच्या भाषेत समजावून सांगायला कोणी पारावर आलं नाही.

पावसाळा सरल्यावर मी आशाताईला म्हणालो, "ताई, मी येतो तुमच्यासंगं." तिला नवल वाटलं. नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' आलं तेव्हा आम्ही जुन्या गावठाणात घरोघर फिरलो. मी लशीचे गुण सांगायचो नाही. म्हणायचो, "मी त्याले थांब म्हणालो होतो. तो थांबला." सगळ्यांना तो माहीत होता. काही जण तरीही नाही म्हणाले. एका म्हाताऱ्यानं दार लावून घेतलं. दोघी बहिणींनी तिसऱ्या खेपेला घेतली. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्याशी मी भांडलो नाही. धमकी देऊन, रेशन बंद करू म्हणून टोचलेल्या लशीची नवी नसबंदी होते, हे मी १९७६ ला पाहिलं होतं.

२०२४ च्या एप्रिल-मे महिन्यात बातमी आली की लस बनवणाऱ्या कंपनीनं इंग्लंडच्या कोर्टात कबूल केलं, या लशीनं क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. त्याचा पोरगा मोबाइल घेऊन माझ्या ओसरीत आला. चेहरा लाल. "काका, पाहा. तुमीच मागं लागून आमाले घ्यायला लावली न?"

मी त्याला बसवलं. म्हटलं, ही गोष्ट खरी आहे, आणि नवीन नाही. एप्रिल २०२१ मध्येच युरोपात ती बाहेर आली होती. भारतातल्या समितीनंही मे २०२१ मध्ये सांगितलं होतं, कोविशिल्डच्या दहा लाख डोसांमागं ०.६१, म्हणजे एकही पुरता नाही. ज्याच्या घरात तो एक निघाला त्याच्यासाठी तो शंभर टक्केच, त्याला भरपाई मिळाली पाहिजे, त्याचं ऐकलं पाहिजे. मी त्याला मुल्कोवालची गोष्ट सांगितली. मुंबईत प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन साहेबांनी १८९७ साली ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. तरी १९०२ ला पंजाबातल्या त्या गावी एका बाटलीतून धनुर्वात झाला आणि एकोणीस माणसं गेली. साहेबांवर ठपका आला, तो पुसायला पाच वर्षं लागली. पण त्या बाटलीची चौकशी झाली, कारण सापडलं, म्हणून लस पुढं चालली.

"मले हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं," मी म्हणालो. "मी घरोघर फिरलो, पण लाखातला धोका सांगितला नाही. लोक भितील म्हणून नाही सांगितला. ते चुकलंच माझं."

तो बराच वेळ मोबाइलकडं पाहत राहिला. मग विचारलं, "अन् बाबाले सांगितलं ते?"

"ते त्याच्याहून मोठं चुकलं," मी म्हणालो.

नातू दारात उभा राहून ऐकत होता. बाहेर नांगरणीचा ट्रॅक्टर आला होता. पोरगा उठला, मोबाइल खिशात घातला आणि म्हणाला, "चाला काका, धुरा दाखवून द्या. ड्रायव्हर नवा हाय."

मी चप्पल घातली आणि त्याच्या मागं निघालो.